संशोधनाचे दार उघडणाऱ्या कमल रणदिवे

उंदरांच्या पिढ्या आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी यांच्या आधारे कर्करोगाचा वेध घेणाऱ्या आणि निवृत्तीनंतर सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी मुलांच्या ताटापर्यंत पोहोचलेल्या डॉ. कमल रणदिवे यांच्या जीवनकार्याचा हा परिचय. जीवशास्त्राची पदवी हाती आल्यावर पुढे काय, असा प्रश्न पडलेल्या विद्यार्थ्यांनी तो आवर्जून वाचावा.

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा, गुजरातच्या सीमेला भिडलेला आदिवासी तालुका. भात आणि नागलीची कापणी आटोपली की येथील अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीसाठी जातात. अशा घरातील एखादी मुलगी प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. होते तेव्हा तिच्यापुढे बहुधा दोनच वाटा मांडल्या जातात. एक शिक्षकाच्या नोकरीची आणि दुसरी स्पर्धा परीक्षेची. संशोधन नावाची तिसरी वाट आहे, त्या वाटेवर दरमहा पाठ्यवृत्ती मिळते आणि त्या वाटेने जाताना माणसाचे शरीर ताण कसा सोसते, ते का थकते, का म्हातारे होते, अशा मूलभूत प्रश्नांवर काम करता येते, हे तिला सांगणारे कोणी क्वचितच भेटते.

संशोधनाची संधी ही आपोआप चालून येणारी गोष्ट नव्हे. कोणीतरी दार उघडावे लागते आणि आत गेलेल्याने ते मागून येणाऱ्यांसाठी उघडे ठेवावे लागते. महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टींचे उत्तम उदाहरण शोधायचे झाले तर डॉ. कमल जयसिंग रणदिवे यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल.

पुण्यातील घडण

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थ कुटुंबात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्राचे प्राध्यापक. फर्ग्युसन महाविद्यालयात ते अध्यापन करीत. मुलींच्या शिक्षणाबाबत समाजात अजून संकोच होता, त्या काळात आपल्या सर्व मुलांना, विशेषतः मुलींना, उत्तम शिक्षण मिळावे असा त्यांचा कटाक्ष होता. कमलताईंचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. पुढे वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी फर्ग्युसनमधून विशेष प्रावीण्यासह पदवी संपादन केली.

मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. ती मात्र पूर्ण झाली नाही. रुग्णांवर उपचार करण्यापेक्षा रोगाच्या मुळाशी असलेली सजीवांची रचना जाणून घेण्याकडे कमलताईंचा ओढा होता. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतर शिक्षण थांबले नाही, उलट पतीचा त्याला भक्कम पाठिंबा मिळाला. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या एम.एस्सी. झाल्या. त्यांचा विशेष अभ्यास सीताफळ, रामफळ यांच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रे यांविषयी होता. सीताफळाच्या गुणसूत्रांचा अभ्यास करणारी ही तरुणी पुढे कर्करोगाच्या संशोधनाकडे वळेल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट पाहण्याची सवय तिला याच अभ्यासाने लावली. पेशी वनस्पतीची असो की प्राण्याची, ती कशी विभागते आणि विभागताना कोठे चुकते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो.

परळची प्रयोगशाळा

विवाहानंतर कमलताई मुंबईस आल्या. परळ येथे १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. खानोलकर हे भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे अध्वर्यू मानले जातात. रुग्णालयात केवळ शस्त्रक्रिया आणि उपचार होऊन भागणार नाही, रोग का होतो याचा शोधही त्याच आवारात घेतला गेला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांना वैद्यकाबाहेरची, मूलभूत जीवशास्त्र शिकलेली माणसेही हवी होती. कमलताई रुग्णालयात रुजू झाल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी काम सुरू केले. १९४९ मध्ये त्यांना ही पदवी मिळाली.

त्यांनी हाती घेतलेला विषय होता स्तनाचा कर्करोग आणि प्रयोगाचे माध्यम होते उंदीर. हे माध्यम का निवडले गेले, हे समजून घेणे आवश्यक आहे. एकाच रोगाने आजारी असलेल्या दोन स्त्रिया घेतल्या तरी त्यांचे अनुवंश, आहार, वय, बाळंतपणे, राहणीमान या साऱ्यांत फरक असतो. रोगाला नेमके कोणते कारण जबाबदार, हे त्यातून वेगळे काढणे अवघड होते. शिवाय माणसाचे आयुष्य लांब असते आणि एका संशोधकाला आपल्या कार्यकाळात माणसांच्या अनेक पिढ्या पाहता येत नाहीत. उंदराचे आयुष्य मात्र दोन-तीन वर्षांचे. पिढ्यान् पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करीत गेल्यास जवळजवळ एकसारखा अनुवंश असलेल्या उंदरांची शुद्ध जात तयार होते. तिला ठरावीक अन्न, ठरावीक प्रकाश आणि ठरावीक तापमान दिले की एक-एक कारण बदलून त्याचा परिणाम पाहता येतो. अशा प्राण्यांना जीवशास्त्रात मॉडेल ऑर्गॅनिझम म्हणजे नमुनाजीव म्हटले जाते.

या मार्गाने जगभर महत्त्वाचे शोध लागले होते. मादी उंदराच्या बीजकोशातून स्रवणाऱ्या संप्रेरकांचा स्तनाच्या गाठींशी संबंध आहे, हे अमेरिकेत ॲबी लॅथ्रॉप आणि लिओ लोब यांनी १९१६ मध्येच दाखवले होते. कर्करोगाचे प्रमाण जास्त असलेल्या जातीतील पिल्ले जन्मतःच दुसऱ्या जातीच्या आईच्या दुधावर वाढवली तर त्यांच्यात गाठींचे प्रमाण कमी होते, हे १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवले. दुधातून जाणारा हा घटक म्हणजे एक विषाणू असल्याचे पुढे निष्पन्न झाले. अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू अशा तीन धाग्यांनी हा रोग विणलेला होता.

कमलताईंनी हेच तीन धागे उचलले. स्तनाच्या कर्करोगाला कमी-अधिक प्रमाणात बळी पडणाऱ्या उंदरांच्या वेगवेगळ्या जाती घेऊन त्यांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना त्यांनी एकमेकींशी ताडून पाहिली. गाठ दिसू लागल्यावर अभ्यास करणारे अनेक होते. गाठ येण्यापूर्वी, वाढत्या वयाबरोबर, ग्रंथीत कोणते फरक पडत जातात हे पाहण्याचा त्यांचा दृष्टिकोन वेगळा होता. रोग एका दिवसात उपटत नाही, तो वयाबरोबर मुरत जातो, हे त्यामागचे सूत्र. पुढे त्यांच्या संस्थेत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेली उंदरांची एक स्वतंत्र जातही विकसित झाली आणि आयसीआरसी या संस्थेच्या नावानेच ती ओळखली जाऊ लागली. कर्करोगाची प्रवणता, संप्रेरके आणि गाठी निर्माण करणारे विषाणू यांचा परस्परसंबंध भारतात प्रयोगाने तपासणाऱ्या पहिल्या संशोधकांत कमलताईंची गणना होते.

बाल्टिमोरचा धडा

पीएच.डी.नंतर खानोलकरांनी त्यांना परदेशी पाठ्यवृत्ती घेण्यास प्रोत्साहन दिले. त्यासाठी त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र म्हणजे ऊतिसंवर्धन. या तंत्रात गाय यांचा हातखंडा होता. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढू लागल्या. त्यांना हेला पेशी असे नाव पडले आणि त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या पेशी घेताना त्या स्त्रीची संमती घेतली गेली नव्हती आणि या अन्यायाची दखल घेण्यास जगाला कित्येक दशके लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ऊतिसंवर्धनाचे तंत्र कर्करोगापुरते मर्यादित राहिले नाही. वार्धक्याच्या जीवशास्त्राचा एक पायाच त्यातून घातला गेला. शरीराबाहेर काढलेली पेशी योग्य पोषण मिळाल्यास अमर असते, असा समज त्या काळी रूढ होता. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवून दिले की माणसाची सामान्य पेशी बशीत सुमारे पन्नास वेळा विभागते आणि मग थांबते. कर्करोगाची पेशी मात्र थांबत नाही. म्हणजे म्हातारे होणे आणि कर्करोग होणे या एकाच कोड्याच्या दोन बाजू ठरल्या. जी पेशी थांबण्याचा नियम पाळते ती कालांतराने वृद्ध होते आणि जी तो नियम मोडते ती शरीराला धोका बनते. थांबण्याचा हा नियम कोण घालून देतो आणि तो कसा मोडतो, या प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळांत आजही काम चालू आहे.

परत येऊन उभारलेले काम

बाल्टिमोरहून कमलताई मुंबईस परतल्या. १९५२ मध्ये परळ येथेच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली होती आणि खानोलकर तिचे पहिले संचालक होते. तेथे वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून कमलताईंनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ऊतिसंवर्धनाची ही देशातील पहिली संशोधन प्रयोगशाळा मानली जाते.

आज ही गोष्ट साधी वाटेल. आता पेशी वाढवण्यासाठी लागणारे पोषक द्रव तयार बाटल्यांतून मिळते. त्या काळी ते परदेशातून मागवावे लागे, परकीय चलनाची टंचाई होती आणि माल येईपर्यंत प्रयोग खोळंबून राहत. साठच्या दशकाच्या आरंभी कमलताईंनी आपल्या जीवशास्त्र व रसायनशास्त्राच्या सहायकांकडून ही पोषक द्रवे आणि पूरक रसायने मुंबईतच तयार करवून घेतली. शोधनिबंधांच्या यादीत अशा कामाला फारसे स्थान मिळत नाही. परंतु त्यामुळेच नवशिक्या विद्यार्थ्याला चुका करून शिकण्याची मुभा मिळाली. साधन महाग आणि दुर्मीळ असेल तर ते केवळ ज्येष्ठांच्या हाती राहते. ते स्वस्त आणि हाताशी असेल तरच नव्या माणसाला संधी मिळते.

१९६६ मध्ये ही संस्था आणि टाटा मेमोरियल रुग्णालय एका छत्राखाली येऊन टाटा मेमोरियल सेंटर अस्तित्वात आले आणि संस्था कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. १९६६ ते १९७० या काळात कमलताईंनी तिच्या प्रभारी संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र या विषयांचे स्वतंत्र विभाग त्यांनी उभे केले. परदेशी शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी मायदेशी परतावे आणि मिळवलेले ज्ञान येथील समाजाच्या उपयोगी आणावे, असा त्यांचा आग्रह असे. स्वतः परतून येऊन काम उभे केल्यामुळे त्या आग्रहाला नैतिक बळ होते.

त्यांच्या संशोधनाचा रोख येथील माणसांच्या सवयींकडेही होता. सुपारी आणि तंबाखू यांचा तोंडाच्या कर्करोगाशी काय संबंध आहे, हे त्यांनी सहकाऱ्यांसह उंदीर आणि हॅमस्टर या प्राण्यांवर तपासले. हॅमस्टरच्या गालात अन्न साठवण्याची पिशवी असते. पान-तंबाखू गालात धरून ठेवणाऱ्या माणसाशी त्या पिशवीचे साधर्म्य असल्यामुळे हा प्राणी या प्रयोगासाठी विशेष सोयीचा ठरला. या प्रयोगांचे निष्कर्ष १९७६ आणि १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी ही माणसात कर्करोग निर्माण करणारी असल्याचा निर्वाळा २००४ मध्ये दिला आणि महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ मध्ये. प्रयोगशाळेतील एका लहानशा प्राण्याने दिलेला इशारा कायद्यापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, याची कल्पना या सनावळीवरून यावी.

कुष्ठरोगाच्या क्षेत्रातील त्यांचे कामही उल्लेखनीय आहे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील पोषक माध्यमात वाढत नाही, ही संशोधकांपुढची जुनी अडचण. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून घेतलेला आणि प्रयोगशाळेत वाढू शकणारा एक आम्लस्थायी जंतू जगापुढे मांडला. तो प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याच्या दूरच्या कुळातील असल्याचे नंतर स्पष्ट झाले. तरीही त्याचा उपयोग झाला. पुढे याच संस्थेतील डॉ. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून लस तयार केली. दक्षिण भारतात झालेल्या तौलनिक चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवर कमलताईंचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९६४ मध्ये त्यांना वॉटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला आणि १९८२ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

स्त्री वैज्ञानिकांची संघटना

१९७३ मध्ये कमलताईंनी सहकारी स्त्री वैज्ञानिकांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. प्रयोगशाळेत स्त्रिया येऊ लागल्या होत्या, परंतु मूल झाले की अनेकींचे काम सुटत असे. बुद्धी होती, पदवी होती, संधीही मिळाली होती. उणीव होती ती मूल सांभाळणाऱ्या हातांची आणि परगावच्या मुलीला राहण्यासाठी सुरक्षित जागेची. संघटनेने नवी मुंबईत वाशी येथे आपले केंद्र उभे केले. विज्ञान प्रसाराबरोबर पाळणाघर आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे वसतिगृह या सोयी तेथे झाल्या. संशोधनाची संधी केवळ प्रवेशपरीक्षेने ठरत नाही, राहण्याच्या खोलीने आणि पाळण्यानेही ठरते, ही जाण त्यामागे होती. खेड्यापाड्यांतून शहरात येणाऱ्या मुलींना आजही हीच अडचण आधी भेडसावते.

राजूरच्या मुलांचे ताट

निवृत्तीनंतर मानद पदे भूषवीत शहरात राहणे कमलताईंना सहज शक्य होते. त्यांनी वेगळी वाट धरली. तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर परिसराकडे त्या वळल्या. अकोले तालुका इगतपुरीला लागून आहे. सुरगाण्याप्रमाणेच तेथेही डोंगरउतारावरची शेती, भात-नागलीचे अन्न आणि पावसावर अवलंबून असलेले जगणे. १९८९ मध्ये त्यांनी तेथील आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीची माहिती गोळा केली. गावोगावच्या स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून प्रशिक्षण देणे, आहार आणि आरोग्य यांविषयी त्यांच्याशी संवाद साधणे हे काम भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या माध्यमातून त्यांनी केले.

उंदरांच्या पिंजऱ्याकडून पाड्यावरच्या मुलांकडे झालेला हा प्रवास वरकरणी अनपेक्षित वाटतो. प्रत्यक्षात त्यात एक संगती आहे. शरीरावर पडणारा ताण आणि त्याचे आयुष्यमान यांचा संबंध हा नमुनाजीवांवरील संशोधनाचा जुना विषय. १९३५ मध्ये अमेरिकेत क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना उष्मांक कमी, परंतु जीवनसत्त्वे व क्षार पुरेसे असलेला आहार दिला, तेव्हा ते अधिक काळ जगले. चाळीसच्या दशकात आल्बर्ट टॅनेनबाम यांनी उंदरांचा आहार मर्यादित ठेवल्यास गाठींचे प्रमाण घटते असे दाखवले. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून ताण या संकल्पनेला वैद्यकात स्थान मिळवून दिले. थंडी, इजा, विष, काहीही असो, शरीर त्या साऱ्यांना एका विशिष्ट पद्धतीने प्रतिसाद देते आणि ताण लांबला तर थकून जाते, हे त्यांचे प्रतिपादन होते.

या प्रयोगांचा अर्थ लावताना मोठी सावधगिरी बाळगावी लागते. पिंजऱ्यातील उंदराला कमी खाऊ घातले तर तो जास्त जगतो, म्हणून अर्धपोटी माणूस दीर्घायुषी होईल, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकीचा आणि क्रूर ठरेल. त्या उंदराच्या आहारात उष्मांक कमी असले तरी प्रथिने, जीवनसत्त्वे, क्षार यांची तजवीज केलेली होती आणि त्याला रोगराईपासून जपले जात होते. पाड्यावरच्या मुलाच्या ताटात नेमकी याच घटकांची वाण असते, जोडीला हिवताप, हगवण असते, आणि आईबाप मजुरीसाठी परगावी गेलेले असतात. पहिला प्रकार मोजून-मापून दिलेल्या संयमाचा, तर दुसरा उपासमारीचा. हा फरक कागदावरच्या तर्काने नव्हे तर मुलांची उंची, वजन आणि आहार प्रत्यक्ष मोजूनच सिद्ध करता येतो. आयुष्यभर उंदरांच्या पिंजऱ्यांवर काटेकोर नोंदी ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाने आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेण्यास आरंभ केला, यात म्हणूनच आश्चर्य वाटू नये.

पुढील संशोधनाने या दिशेचे महत्त्व अधिकच ठळक केले. गर्भात आणि बालपणी सोसलेल्या कुपोषणाचे परिणाम प्रौढ वयात हृदयविकार, मधुमेह या रूपांनी प्रकट होतात, असा विचार इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी मांडला. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात १९९३ पासून डॉ. रंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. वजनाने कमी भरणाऱ्या भारतीय बाळांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, हे त्यातून पुढे आले. म्हातारपणीच्या आजारांची बीजे पाळण्यात पेरली जातात, हे आता सर्वमान्य होत आहे.

२००१ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी कमलताईंचे निधन झाले. त्यांची परळची संस्था २००२ मध्ये खारघर येथे ॲक्ट्रेक या नव्या संकुलाचा भाग बनली. आज तेथे देशभरातून विद्यार्थी पीएच.डी.साठी येतात.

आजची दारे

कमलताईंच्या काळी ताण आणि वार्धक्य यांच्या अभ्यासासाठी मुख्यतः उंदीर होते. आता नमुनाजीवांचे कुटुंब विस्तारले आहे. केळ्यावर घोंघावणाऱ्या फळमाशीत १९६२ मध्ये उष्णतेच्या ताणाला पेशी देत असलेला प्रतिसाद प्रथम दिसला. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, दोन-तीन आठवडे जगणाऱ्या एका पारदर्शक कृमीत केवळ एका जनुकातील बदलाने आयुष्य दुपटीहून अधिक वाढते, हे १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांनी दाखवले. गोड्या पाण्यातील हायड्रा हा प्राणी अनुकूल परिस्थितीत म्हातारा होताना दिसत नाही. भारतात बनारस हिंदू विद्यापीठात मधुसूदन कानुनगो यांनी वार्धक्याच्या रेणवीय अभ्यासाची परंपरा निर्माण केली.

अशा अभ्यासाची केंद्रे महाराष्ट्रातही आहेत. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत माशी, कृमी, मासा आणि उंदीर यांवर काम चालते. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. आयसर, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हेही पुण्यातच आहेत. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधक पाठ्यवृत्ती मिळवता येते. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७ हजार रुपये आहे. काही संस्था स्वतःची प्रवेशपरीक्षा घेतात. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र राष्ट्रीय पाठ्यवृत्तीही आहे. पदवीच्या वर्षांत उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करण्याची संधी मिळाली तर पुढची वाट पुष्कळ सोपी होते. त्यासाठी महाविद्यालयातील प्राध्यापकांनी विद्यार्थ्याच्या हाती वेळेवर अर्ज देणे एवढेही पुरेसे ठरू शकते.

फळमाशीला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेची बाटली, मक्याच्या पिठाची खळ आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर पदवीचा विद्यार्थी माशीचे आयुष्य मोजू शकतो, तिला ऊन-थंडी सोसवते का हे पाहू शकतो. असा प्रयोग सुरगाण्यातही होऊ शकतो. आणि ज्या विद्यार्थ्याने घरात, पाड्यावर, द्राक्षबागेच्या खोपटात शरीरावरचा ताण जवळून पाहिलेला असतो, त्याला या विषयात विचारण्याजोगे प्रश्न शहरातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक सुचतील, यात शंका नाही.

डॉ. खानोलकरांनी वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केलेल्या एका तरुणीसाठी कर्करोगाच्या प्रयोगशाळेचे दार उघडले. तिने ते पुढच्या कित्येकांसाठी उघडे ठेवले आणि अखेरीस तीच प्रयोगशाळेतून बाहेर पडून राजूरच्या पाड्यांपर्यंत चालत गेली. पाड्यावरून प्रयोगशाळेकडे जाणारी उलट वाट मात्र अद्याप फारशी मळलेली नाही. सह्याद्रीच्या या कुशीतून कोणी विद्यार्थिनी त्या वाटेने निघाली, तर कमलताईंच्या स्मृतीस त्याहून उचित अभिवादन दुसरे नसेल.